पंधरवड्याचा भाऊ

गजादादा समुद्रातल्या नोकरीला लागला त्या वर्षापासून आमच्या घरात दिवस धरायची रीतच बदलली. त्याआधी आमचं घर भरती-ओहोटीवर चालायचं. बाबा मिठागरात होते. उधाणाचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हात आटवायचं, मीठ ओढून ढीग लावायचे, सगळं चंद्राच्या हिशेबानं. दादा गेला आणि घर पंधरवड्यावर आलं. एक पंधरवडा तो तिकडे, एक पंधरवडा इकडे. तो घरी असला की आई खाडीच्या चिखलातले जिवंत मासे, निवट्या, आणून आंबट कालवण करायची, तांदळाच्या भाकऱ्यांची चळत लागायची, रेडिओ मोठ्यानं वाजायचा आणि शेजारपाजारची पोरं ओटीवर येऊन बसायची. तो गेला की रेडिओ लागायचा तो फक्त बातम्यांना, तोही बारीक आवाजात. निवट्या घरात यायच्याच नाहीत. नवस वगैरे काही नव्हता तिचा. एकदा मीच विचारलं तर म्हणाली, "घशाखाली उतरत नाय गो." मग आम्ही जवळ्याची चटणी आणि भात खाऊन उठायचो.

आमचं गाव जिते स्टेशनापासून खाडीच्या अंगाला, भरतीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाच्या आत. रेल्वे तेव्हा नवीनच रोह्यापर्यंत गेली होती. त्यामुळे दादा पहिल्यांदा घरी येऊन म्हणाला, "आये, प्लॅटफॉर्मवर नोकरी लागली," तेव्हा आईला वाटलं, पोरगा रेल्वेत चिकटला. तिनं शेजारी साखरसुद्धा वाटली. मग दादानं समजावलं की हा प्लॅटफॉर्म भर समुद्रात असतो, लोखंडी पायांवर उभा, तिथून खाली भोक पाडून तेल आणि गॅस काढतात. आई हातातली साखरेची वाटी घेऊन तशीच उभी राहिली. म्हणाली, "मग तिथं गाडी कंची जाते?" दादा हसला. म्हणाला, "हेलिकॉप्टर जातं, आये." तो हसला म्हणून आम्हीही हसलो. आई हसली नाही.

या नोकरीची सुरुवात आमच्या खाडीतच झाली होती. खाडीच्या तोंडाशी एक यार्ड उघडलं होतं आणि त्या प्लॅटफॉर्मचे पाय तिथं जोडले जात. इतके मोठे पाईप आम्ही जन्मात पाहिले नव्हते. आडवे पडलेले असताना त्यांतून माणूस ताठ चालत जाई. दादा तिथं आधी हेल्पर म्हणून लागला आणि वर्षभरात वेल्डर झाला. संध्याकाळी आमच्या अंगणातून यार्डातला निळा उजेड दिसायचा, आणि घण मारल्याचे आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत यायचे, जरा उशिरानं, जणू वाटेत दम खात आल्यासारखे. पेणचा एक मुकादम तिथूनच पोरं निवडून समुद्रात पाठवत असे. पगार यार्डाच्या दुपटीहून जास्त. बाबा म्हणाले, "मिठात काय राहिलंय? जा." ते तसं म्हणाले कारण मिठागराच्या मालकानं खाडीकडचा तुकडा जेटीसाठी विकला होता, आणि उरलेल्या वाफ्यांत भरतीबरोबर कधी कधी तेलाचा तवंग यायचा. बाबा पाण्यात बोट बुडवून चाखायचे, थुंकायचे आणि वाफ्यांत पाणी घ्यायचा दरवाजा पाडून ते उधाण वाया जाऊ द्यायचे.

आईचा धाकटा भाऊ, आमचा नामामामा, याचीही गत वेगळी नव्हती. त्याचा एका मोठ्या मासेमारीच्या होडीत वाटा होता. पण खोल पाण्यात जिथं पूर्वी ते जाळी टाकत तिथं आता प्लॅटफॉर्म उभे राहिले होते, आणि त्यांच्या आसपास होडी नेली की पहाऱ्याची बोट हाकलायला यायची. मामा म्हणायचा, मासे सगळे त्या लोखंडी पायांशी जाऊन राहिलेत, त्यांना कळतं तिथं जाळं पडत नाय ते. शेवटी त्यानं वाटा सोडला आणि धरमतरच्या जेटीवर मालवाहू बार्जचे दोर बांधायला लागला. तेलानं मामाला होडी सोडायला लावली आणि भाच्याला नोकरी दिली, असं काहीसं आमच्या घराचं होतं. त्यामुळे तेलाला शिव्या द्यायच्या की नाही हे आमच्याकडं कधी ठरलंच नाही.

दादा तिकडच्या गोष्टी सांगायचा. झोपायच्या खोलीला खिडकी नाही. जेवणात रोज कोंबडी, आणि वर आईस्क्रीम. एका लांब लोखंडी हातावर गॅसची ज्वाळा सतत पेटलेली, तिच्या भगभगाटात बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं. घरी आल्यावरही पहिले दोन-तीन दिवस तो ओरडूनच बोलायचा. मीठ वाढायला सांगितलं तरी आई दचकायची. मला तेव्हा या गोष्टींचं भारी कौतुक होतं. मी बारावी होऊन घरी बसलेली, गावाबाहेरचं सगळंच मला मोठं वाटायचं. आईची काळजी मला कळायला वेळ लागला. बाबा मिठागरात असले तर ओटीवरून दिसायचे. मामा होडीवर असताना मामी संध्याकाळी खाडीच्या तोंडाकडे बघत बसायची. आईला मात्र कुठल्या दिशेला बघावं हेच ठाऊक नव्हतं. कधी ती पश्चिमेला बघायची, कधी नुसती वर आभाळात. आज माझा भाचा तसल्याच एका प्लॅटफॉर्मवर आहे. तो तिथून मला फोनवर सूर्यास्ताचा व्हिडिओ पाठवतो, मी त्याला अंगठा पाठवते. आणि तरीही वारा सुटला की मी खिडकीशी जाऊन उभी राहते. मलाही दिशा माहीत नाही.

दादाचं लग्न रोह्याकडच्या सुमनशी ठरलं. रोह्याच्या अलीकडे कुंडलिकेच्या काठी त्यांचं गाव, भात आणि वालाची शेती. खाडीशी त्यांचा संबंध नाही. मुलगी बघायला गेलो तेव्हा वालाचं बिरडं आणि नाचणीचे पापड असा बेत होता. सुमनचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत, पापड बाजूला ठेवून दादाकडं वळले. मग म्हणाले, "सगळं खरं, पण तिथं पायाखाली जमीन किती?"

दादा म्हणाला, "जमीन नाय, तात्या. लोखंड हाय."

"आणि लोखंडाखाली?"

"पानी."

आतल्या दाराआड कुणीतरी फिसकन हसलं. ती सुमन. तात्यांनी मान वळवून दाराकडं डोळे वटारले, आणि त्या हसण्यानंच बहुधा लग्न ठरलं. तारीख निघाली ती मुहूर्त बघून नव्हे, दादाच्या पंधरवड्याच्या पाळीवरून. पाळीत बसेल तोच मुहूर्त भटजींना शोधायला सांगितला. पावसाच्या तोंडावरची ती शेवटची तिथी. दादा म्हणाला, "मी या पाळीला जाऊन आलो की लगेच हळद." आणि गेला.

तो यायच्या आदल्या दिवशी वारा फिरला. मिठागरात त्या दिवसांत एकच घाई असते, पावसाआधी मिठाचे ढीग गवतानं शाकारून घ्यायची. बाबा, मी आणि शेजारचे चारजण गवताचे भारे बांधत होतो आणि ते हातातून उडून जात होते. वारा खाडीकडून न येता वरून दाबत होता, पाण्यावर बारीक पांढरे काटे उभे राहिले होते. बाबा एकदा थांबले, आभाळाकडं बघितलं आणि पुन्हा कामाला लागले. दुसऱ्या दिवशी दादा आला नाही. आईनं निवट्या आणून ठेवल्या होत्या, त्या तशाच मडक्यात वळवळत राहिल्या. बाबा म्हणाले, "हेलिकॉप्टर उडालं नसंल. वारा बघतेस ना." तिसऱ्या प्रहरी आईनं त्या निवट्या परत खाडीत सोडल्या.

त्याच्या पुढच्या दिवशी सकाळी नामामामा धरमतरहून आला. तो कधी सकाळचा येत नसे. ओटीवर न बसता सरळ आत आला. जेटीवर बार्जवाल्यांत बोलणं चाललंय, म्हणाला, समुद्रात एका बार्जचे दोर तुटले आणि ती जाऊन प्लॅटफॉर्मवर आदळली. आग लागली. माणसांनी पाण्यात उड्या घेतल्या. काही उचलली, काही नाही.

"कंचा प्लॅटफॉर्म?" बाबांनी विचारलं.

"तेच तर कळत नाय, भावजी. तिथं काय एक हाय?"

आई चुलीशी बसली होती. तिनं जळतं लाकूड मागं ओढलं, त्यावर पाणी शिंपडलं आणि तशीच बसून राहिली. त्या दिवशी चूल पुन्हा पेटली नाही. शेजारणीनं भात आणून दिला, तो झाकलेलाच राहिला.

बाबा आणि मामा लगेच मुंबईला निघाले, गोदीत जाऊन विचारायचं म्हणून. कुठल्या गोदीत, कुणाला, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मला त्यांनी पेणला मुकादमाकडं पाठवलं. मुकादमाच्या घराला कुलूप होतं. बाहेर माझ्यासारखीच आणखी माणसं उभी होती, कुणी पेणजवळच्याच वाशीचं, कुणी वडखळकडचं. एक म्हातारा दाराची कडी पुन्हा पुन्हा वाजवत होता, आत कुणी नाही हे दिसत असूनही. शेजारच्या बाईनं खिडकीतून सांगितलं, "ते कालच गावाला गेले." म्हाताऱ्यानं कडी वाजवणं थांबवलं नाही.

पेणमध्ये आमच्या ओळखीचं फोन असलेलं एकच ठिकाण होतं, नानांचा गणपतीचा कारखाना. पावसाळ्यात मिठागर बंद असतं तेव्हा आई तिथं मूर्ती घासायच्या कामाला जायची. मुंबईच्या ऑर्डरी असल्यामुळे नानांकडं फोन होता. मुकादम ज्याच्यासाठी पोरं निवडायचा त्या ठेकेदाराच्या मुंबईच्या ऑफिसचा नंबर दादानं घराच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवला होता, तो मी पाठ करून आले होते. नानांनी ट्रंक कॉल लावून दिला. पांढऱ्याफटक, अजून डोळे न आखलेल्या गणपतींच्या रांगांमध्ये मी कानाला फोन लावून उभी राहिले. खूप वेळानं पलीकडून एक वैतागलेला आवाज आला. मी दादाचं नाव सांगितलं.

"तुम्ही कोण?"

"बहीण."

"बहिणीला नाही सांगता येत. आई-वडील नाहीतर बायको. त्यांना फोन करायला सांगा."

"आई आजारी हाय, बाबा तिकडंच मुंबईत..."

फोन ठेवला गेला. मी पुन्हा लावायला सांगितला, लागला नाही. तेल काढणाऱ्या मोठ्या कंपनीच्या ऑफिसातही नानांनी स्वतः चौकशी केली. तिथला माणूस सभ्यपणे म्हणाला की तुमचा मुलगा ठेकेदाराचा, आमच्याकडं आमच्याच माणसांची नावं. दादा त्या लोखंडावर इतकी वर्षं राहिला, जेवला, झोपला, आणि तो तिथं होता हे सांगायला कुणी तयार नव्हतं. मुकादमाच्या दारातल्या त्या माणसांपैकी बहुतेकांचं असंच होतं.

घरी आले तर आई अंगणातच बसलेली. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं. म्हणाली, "मंगे, रोह्याला जा. त्यांच्या दारात मांडव पडायचा हाय. त्यांना दुसऱ्याच्या तोंडून कळाया नको."

सकाळच्या गाडीनं मी रोह्याला निघाले. पेण, कासू, नागोठणं, एकेक स्टेशन जात होतं आणि मी मनात वाक्यं जुळवत होते. कुठलंही वाक्य "गजादादा" या नावापुढं जाईना. 'दादा आहे' म्हणू की 'दादा होता' हेच मला ठरवता येत नव्हतं. त्यांच्या अंगणात खरोखरच मांडवाचे खांब रोवून झाले होते. दोन पोरं आंब्याचे डहाळे बांधत होती. तात्या वालाच्या गोणीवर बसून सुतळी वळत होते. मला एकटीला बघून त्यांचे हात थांबले.

मी जे सांगायचं ते सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही. एवढं आठवतं की डहाळे बांधणारी पोरं शिडीवरून खाली उतरली आणि कुणी न सांगता घराच्या मागं निघून गेली. सुमनच्या आईनं तोंडाला पदर लावला. तात्यांनी हातातली सुतळी खाली ठेवली. मग अगदी हळू म्हणाले, "बाय, तुझं दुःख मला कळतं. पण आमची पोर अजून आमची हाय. तिला हळद लागली नाय. देवानं तेवढी तरी दया केली."

त्यांचा राग मला तेव्हाही आला नाही. मुलीचा बाप तो. त्याला मुलीपुरतं बघायलाच हवं होतं. मी उठले आणि चप्पल शोधायला लागले. तेवढ्यात सुमन बाहेर आली. हाताला पीठ लागलेलं. तिनं ते पदराला पुसलं आणि मला म्हणाली, "थांब. मी येते."

तात्या म्हणाले, "कुठं?"

"पेनला. फोन करायला."

"कोन म्हनून जाशील तू?"

ती आत गेली. वहाणा घालून आली. तात्यांनी खुंटीवरची टोपी काढून डोक्याला घातली आणि ते आमच्या मागोमाग निघाले. गाडीत तिघं एका बाकावर बसलो होतो.  सुमननं एकदाच मला विचारलं, "त्यांना पोहता येतं?" मी म्हटलं, खाडीकाठचा आहे, येतं. मग तिनं खिडकीबाहेर तोंड फिरवलं. मला वाटलं ती रडते आहे, म्हणून मीही दुसरीकडं बघितलं. पण ती रडत नव्हती. ओठ हलत होते तिचे, काहीतरी म्हणून बघत होती.

नानांनी फोन लावला. तोपर्यंत कारखान्यात सगळ्यांना ठाऊक झालं होतं. घासणाऱ्या बायका, साचे काढणारे गडी हात थांबवून उभे होते. पलीकडं तोच वैतागलेला आवाज होता, मला लांबूनही ओळखू आला. सुमननं दादाचं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. पलीकडून प्रश्न आला. 

"मी त्यांची बायको बोलतेय," ती म्हणाली.

तात्या शेजारच्या स्टुलावर बसले. टोपी काढून हातात धरली. एवढ्या माणसांत, भर पेणमध्ये, तोंडानं म्हटलेली गोष्ट होती ती. पलीकडचा माणूस काय सांगणार हे तिला माहीत नव्हतं. तो जर म्हणाला असता की नाही सापडला, तर ती तिथून उठली असती ती विधवा होऊन उठली असती, आणि रोह्याच्या पंचक्रोशीत पुन्हा तिला कुणी मागणी घातली नसती. हे तिला कळत होतं. तात्यांना कळत होतं. मूर्ती घासणाऱ्या प्रत्येक बाईला कळत होतं, कारण त्यांतली एक "अगो बाय" असं म्हणून मटकन खालीच बसली.

"थांबा म्हणाले," सुमननं आम्हाला सांगितलं.

आम्ही थांबलो. तिनं फोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला होता. बाहेर वारा कारखान्याचा पत्रा उचलून आपटत होता, आणि प्रत्येक आपटण्याला ती डोळे मिटून घ्यायची, पलीकडचा शब्द त्यात हरवेल म्हणून. एक गडी बाहेर धावला, शिडी लावून वर चढला आणि पत्र्यावर पालथा पडून राहिला, तो वाजू नये म्हणून. त्याचं नाव मला कधीच कळलं नाही.

मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. ती म्हणाली, "व्हय." पुन्हा म्हणाली, "व्हय." मग, "कुठं?" आणि, "किती भाजलंय?" फोन ठेवून ती आमच्याकडं वळली. "हायत," ती म्हणाली. "हात भाजलेत. मुंबईला दवाखान्यात हायत." आणि तेव्हा पहिल्यांदा ती भिंतीला टेकली. तात्यांनी उठून तिला धरलं. ते तिला काय बोलतील याची मला धास्ती होती. पण ते नानांना म्हणाले, "शेट, पानी द्या पोरीला. आणि मुंबईची गाडी कवा हाय?"

दवाखान्यात पोचलो तेव्हा दादाच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या होत्या. आग लागली तेव्हा त्यानं तापलेला लोखंडी कठडा धरून एका माणसाला वर ओढलं होतं आणि मग स्वतः उडी मारली होती. ते त्यानं आम्हाला खूप उशिरा सांगितलं. सुमन फोनवर काय म्हणाली ते मीच त्याला सांगितलं. तो तिच्याकडं बघायला तयार होईना. म्हणाला, "आधी डाक्तर काय म्हनतात ते तर ऐक." ती म्हणाली, "ऐकलं." पुढं पावसाळा संपायच्या आतच घरच्या घरी लग्न झालं. त्याच्या बोटांना माळ धरवत नव्हती, तेव्हा सुमननंच दोन्ही माळा हातात घेतल्या, एक त्याला घातली आणि दुसरी स्वतःच्या गळ्यात. भटजी काही बोलायला गेले, तात्यांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं.

दादानं समुद्रावर परत जाऊ नये असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. त्यालाही वाटत होतं. थंडीत तो बाबांबरोबर मिठागरात उतरला. पण नव्या कातडीला ते पाणी सोसेना. एका दिवसात हात सोलून निघाले. यार्डात वेल्डिंग जमणारं नव्हतं. दुसरं काम खाडीकाठी उरलंच नव्हतं. उन्हाळ्यात मुकादम स्वतः घरी आला, कधी काही झालंच नाही असा, आणि म्हणाला, फायर वॉचचं काम आहे, दुसरे वेल्डिंग करत असताना पाण्याचा पाईप घेऊन आगीवर लक्ष ठेवायचं, हातांना त्रास नाही. सुमनवहिनीला तेव्हा दिवस गेलेले होते. आई आत निघून गेली. वहिनी बाहेर आली आणि मुकादमासमोर उभी राहिली.

"आमच्या खाडीची कोन कोन पोरं तुमच्याकडं हायत?" तिनं विचारलं. "सगळ्यांची नावं सांगा. कोन कुठल्या प्लॅटफॉर्मवर, तेबी सांगा. नायतर आमचा मानूस येनार नाय."

मुकादमानं बाबांकडं बघितलं. बाबा तंबाखू मळत राहिले. शेवटी त्यानं एकेक नाव घेतलं. वहिनीनं कागद-पेन काही घेतलं नाही, प्रत्येक नावाबरोबर ती विचारायची, "म्हंजे कुनाचा?" आणि त्या घराचं नाव ऐकून मान हलवायची. दादा पुन्हा समुद्रावर गेला. त्यानंतर कधीही वारा सुटला, रेडिओवर काही ऐकू आलं, जेटीवरून कसली कुजबूज आली, की आसपासच्या वाड्यांतल्या बायका आमच्या ओटीवर येऊन बसायच्या. मिठागरातून तशाच उठून, पाय खारट चिखलानं भरलेले. बोलायच्या नाहीत. वहिनी पोरगं आईच्या मांडीवर द्यायची, वहाणा घालायची आणि जित्याहून गाडी धरून पेणला जायची. नानांच्या फोनवर ती कुणाची बायको व्हायची, कुणाची आई, कुणाची सासू. ऑफिसातल्या त्या माणसाला पुढं पुढं तिचा आवाज ओळखता यायला लागला, तरी तो काही बोलला नाही. शेवटी तो माणूसही वाईट नव्हता.

ती परत यायची तेव्हा गावाच्या बांधावर आधी ठिपक्याएवढी दिसायची. ओटीवरून तो बांध लांबपर्यंत दिसतो. बायका तिच्या चालण्यावरून काही कळतं का बघायच्या. ती भरभर चालली तरी भीती, सावकाश चालली तरी भीती. पहिल्याच खेपेला ते तिच्या ध्यानात आलं असावं. कारण तेव्हापासून ती बांधावर चढली रे चढली की उजवा हात डोक्यावर उंच धरायची आणि घरापर्यंत खाली घ्यायची नाही. तो हात दिसला की ओटीवर एकदम बोलणं सुरू व्हायचं, कुणी हसायचं, कुणाला चुलीवरच्या भाताची आठवण व्हायची. कितीतरी वर्षं तो हात वर झाला.

एकदाच झाला नाही. ती बांधावर चढली, दिसली, आणि दोन्ही हात खाली ठेवून चालत आली. ओटीवर आम्ही सगळ्या होतो. कुणी कुणाकडं बघितलं नाही, कारण बघितलं तर आपल्याला नको ते दुसरीला द्यावं लागलं असतं. ती अंगणात आली, पायरी चढली आणि सगळ्यांच्या मधून वाट काढत कमळीकाकूच्या शेजारी जाऊन बसली. काकूचा मुलगा सुरेश दादाच्याच पाळीला होता. वहिनीनं बोलायला तोंड उघडलं. चालून चालून तिचे ओठ वाळले होते. कमळीकाकूनं ते पाहिलं. मग उठली, आत गेली, आमच्याच हंड्यातून तांब्या भरून घेऊन आली आणि म्हणाली, "आधी पानी पी गो. लांबून आलीस."